कारागृह ‘जागा नाही’ म्हणू शकत नाही

ठाणे मध्यवर्ती कारागृहाची मंजूर क्षमता 1,105 बंद्यांची आहे, खारघरमधील तळोजा मध्यवर्ती कारागृहाची 2,124 आणि कल्याणच्या आधारवाडी कारागृहाची 540. तिन्हींची बेरीज चार हजारांपर्यंतही पोहोचत नाही, आणि या तीन कारागृहांवर ज्यांचा भार पडतो त्या शहरांची नावे घ्यायची तर ठाणे, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी, मीरा-भाईंदर, नवी मुंबई अशी मोठी यादी होते. ठाण्याच्या कारागृहात गेल्या काही वर्षांत क्षमतेच्या तिपटीहून अधिक बंदी राहिलेले आहेत. रुग्णालय खाटा संपल्या की रुग्णाला दुसरीकडे पाठवते, महाविद्यालय प्रवेश बंद झाल्याचा फलक लावते, एवढेच काय, आपली लोकलसुद्धा भरली की दारातल्या माणसांच्या खांद्यांमुळे आपोआप बंद होते. कारागृहाच्या अधीक्षकाला मात्र न्यायालयाचे रीतसर वॉरंट समोर आल्यावर आलेला माणूस आत घ्यावाच लागतो. कारागृहांच्या प्रश्नाची चर्चा गर्दीपासून सुरू होते आणि गर्दीपाशीच संपते. मला या लेखात त्या गर्दीच्या आधीच्या एका टप्प्याविषयी, म्हणजे नवा माणूस आत घेण्याच्या प्रक्रियेविषयी, आणि ती प्रक्रिया ज्यांच्या हातून पार पडते त्या कर्मचाऱ्यांच्या संख्येविषयी लिहायचे आहे, कारण या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढून पाहिल्या जातात आणि तेथेच सारी गल्लत होते असे माझे मत झाले आहे.

माझी नोकरी न्यायालयीन कार्यालयात झाली आणि निवृत्तीनंतर विधी स्वयंसेवक म्हणून कारागृहातील कायदेविषयक मदत केंद्रात जाण्याचा योग आला, त्यामुळे वॉरंट नावाचा कागद मी दोन्ही टोकांना पाहिला आहे: लिहिला जाताना आणि वाचला जाताना. लिहिण्याचे निमित्त मात्र आमच्या गृहसंकुलातील एका तरुणाचे झाले. तो पोलीस भरतीची तयारी करतो आणि कारागृह शिपाई या पदासाठीही अर्ज भरण्याचा त्याचा विचार आहे. “काका, कुलूप लावणे आणि काढणे यापलीकडे तिथे काम काय असते?” असे त्याने विचारले, तेव्हा त्याला जिन्यात उभे राहून जे सांगता आले नाही ते येथे सविस्तर लिहितो आहे.

प्रथम वॉरंटाविषयी. न्यायालयाच्या लेखी आदेशाशिवाय कोणालाही कारागृहात घेता येत नाही, हा सगळ्या व्यवस्थेचा पाया आहे. पोलीस कोठडी संपून न्यायालयीन कोठडी सुनावली गेली की दंडाधिकाऱ्यांच्या कार्यालयात वॉरंट तयार होते. त्यावर आरोपीचे नाव, पोलीस ठाणे, गुन्ह्याचा क्रमांक, लावलेली कलमे, पुढील तारीख, दंडाधिकाऱ्यांची सही आणि न्यायालयाचा शिक्का असावा लागतो. तपास चालू असताना एका वेळी 15 दिवसांहून अधिक काळाची कोठडी देता येत नाही, त्यामुळे पुढील तारीख हा त्या कागदावरचा सर्वांत महत्त्वाचा मजकूर ठरतो. ती तारीख उलटून गेली आणि नवा आदेश आला नाही तर तो माणूस कशाच्या आधाराने आत आहे, असा प्रश्न उभा राहतो. कारागृहाच्या दारातील अधिकाऱ्याने वॉरंटावरील नाव आणि समोर उभा असलेला माणूस एकच आहेत याची खात्री करून घ्यायची असते. हे वाचताना क्षुल्लक वाटेल. परंतु आपल्याकडे एकाच माणसाचे नाव प्रथम खबरी अहवालात एक, आधार कार्डावर दुसरे आणि घरच्यांच्या तोंडी तिसरे असते; वडिलांच्या नावाची आणि आडनावाची अदलाबदल झालेली असते; परप्रांतातून आलेल्या मजुराचे नाव लिहिणाऱ्याने आपल्या कानाप्रमाणे लिहिलेले असते. जामिनाचा आदेश पुढे वेगळ्याच नावाने आला तर त्याच माणसाची सुटका एका अक्षरासाठी अडू शकते. आत जातानाची नोंद आणि बाहेर येतानाची नोंद यांचा मेळ बसला पाहिजे, म्हणून प्रवेशाच्या टेबलावरचा लिपिक हा माझ्या दृष्टीने कारागृहातील फार मोलाचा माणूस आहे, आणि त्याच्याकडे कोणाचेही लक्ष नसते.

आता वेळेचा विचार करू. न्यायालयाचे कामकाज सायंकाळी संपते, आदेश टंकलिखित होऊन त्यावर सह्या होतात, पोलीस मुख्यालयाची कैदी पार्टी, म्हणजे बंद्यांची ने-आण करणारी पोलिसांची तुकडी, आरोपींना गाडीत बसवते आणि एकेक गाडी कारागृहाकडे निघते. कोर्टनाक्यापासून ठाण्याचे कारागृह जवळ आहे. परंतु भिवंडी किंवा बेलापूरच्या न्यायालयातून निघालेली गाडी वाहतुकीच्या ऐन वेळेला रस्त्यावर असते. इकडे कारागृहाचा दिवस सूर्यास्ताच्या सुमारास संपत आलेला असतो: बंद्यांची गिनती, जेवण आणि टाळाबंदी. दिवसभरातील कर्मचारी थकलेले असतात, पाळी बदलत असते, कार्यालयातील लिपिक घरी जाण्याच्या बेतात असतात, वैद्यकीय अधिकाऱ्यांची बाह्यरुग्णांची वेळ संपलेली असते, आणि त्याच घटकेला दिंडी दरवाजाबाहेर दहा-पंधरा नवे बंदी आणि न्यायालयातून परतलेले कितीतरी जुने बंदी रांगेने उभे राहतात. दिवसातील सर्वांत नाजूक काम सर्वांत कमी हात असतानाच्या वेळेला यावे, अशीच या वेळापत्रकाची रचना होऊन बसली आहे. ती कोणी मुद्दाम केलेली नाही; न्यायालय, पोलीस आणि कारागृह या तीन यंत्रणांची घड्याळे वेगवेगळी चालतात, त्याचा हा परिणाम आहे.

ठाण्याच्या बाबतीत वास्तूचाही वाटा आहे. हे कारागृह मुळात किल्ला आहे. पोर्तुगीजांनी 1730 च्या सुमारास त्याचे बांधकाम हाती घेतले, 1737 मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले आणि 1774 मध्ये इंग्रजांनी तो किल्ला जिंकला. पुढे त्याचा तुरुंग झाला. राघोजी भांगरे यांना 1848 मध्ये आणि अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना 19 एप्रिल 1910 रोजी याच भिंतींच्या आत फाशी देण्यात आली. खाडीकडून येणाऱ्या शत्रूला बाहेर रोखण्यासाठी जी तटबंदी उभी राहिली तिच्या आत रोज संध्याकाळी डझनावारी माणसांची नोंदणी, झडती आणि वैद्यकीय तपासणी करायची असेल तर जागेची ओढाताण होणारच. तुलनेने तळोजा कारागृह नवे, 2008 मध्ये सुरू झालेले आणि मोकळ्या जागेवर बांधलेले आहे. पण ठाण्याच्या न्यायालयात तारीख असलेल्या बंद्याला तेथून आणायचे म्हणजे सुमारे 30 किलोमीटरचा प्रवास आणि त्यासाठी पोलिसांची पार्टी आलीच.

दारातून आत आल्यावर काय होते ते आता क्रमाने सांगतो. मोठ्या कारागृहांना बाहेरचे आणि आतले असे दोन दरवाजे असतात आणि ते एकाच वेळी उघडायचे नाहीत असा दंडक असतो. मधल्या जागेत दरवाजावरचा शिपाई येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची नोंद करतो. तेथेच झडती होते: कपडे, चपला-बुटांचे तळ, कमरेचा पट्टा, नाड्या, गंडे-ताईत. महिलांची झडती स्वतंत्र जागेत आणि महिला कर्मचाऱ्यानेच घ्यायची, हे 1894 च्या कारागृह अधिनियमाच्या 24 व्या कलमातच सांगितलेले आहे. बंद्याजवळचे पैसे, दागिने, मोबाईल, घड्याळ यांची यादी करून ते कारागृहाच्या ताब्यात ठेवले जातात आणि सुटकेच्या वेळी परत मिळतात. शिक्षा न झालेल्या, म्हणजे न्यायाधीन बंद्याला स्वतःचे कपडे वापरता येतात. सिद्धदोष बंद्याला कारागृहाचे कपडे मिळतात.

यानंतरची नोंदणी आता बव्हंशी संगणकावर, ई-प्रिझन्स प्रणालीत होते. छायाचित्र, बोटांचे ठसे, अंगावरची ओळखीची खूण, उंची, वजन, नातेवाइकांचे दूरध्वनी क्रमांक. मोजमापांच्या बाबतीत 1920 चा जुना कायदा जाऊन 2022 चा फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा आला आणि बुबुळांच्या नोंदीपर्यंत त्याची व्याप्ती वाढली. या नोंदी राष्ट्रीय पातळीवर 75 वर्षे जपून ठेवायच्या आहेत. हा काळ मला फार वाटतो, पण तो स्वतंत्र विषय आहे. नोंदवहीतील एक रकाना मात्र गेला, याची येथे आवर्जून नोंद करतो. 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना अनेक राज्यांच्या कारागृह नियमावल्यांतील जातीवर आधारित कामवाटपाच्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या आणि कारागृहातील नोंदवह्यांमधील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला. झाडू कोणी मारायचा आणि स्वयंपाक कोणी करायचा हे ज्या नोंदीवरून ठरत असे ती नोंद प्रवेशाच्या टेबलावरच होत असे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या टेबलाचे महत्त्व कळते.

माझ्या मते या साऱ्या प्रक्रियेचा प्राण वैद्यकीय तपासणीत आहे. याच 24 व्या कलमानुसार वैद्यकीय अधिकाऱ्याने बंद्याच्या प्रकृतीची आणि अंगावरील जखमा व व्रण यांची नोंद करवून घ्यायची असते. ब्रिटिशांनी ही तरतूद कशाकरिता केली असेल ते असो, आज तिची किंमत दुहेरी आहे. पोलीस कोठडीतून आलेल्या माणसाच्या पाठीवर वळ असतील तर ते कारागृहात येण्यापूर्वीचे आहेत हे सांगणारा पुरावा त्या नोंदीतून तयार होतो; बंद्याचे रक्षण होते आणि कारागृहातील कर्मचाऱ्यांचेही, कारण उद्या तो माणूस आत दगावला तर राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला 24 तासांत कळवावे लागते आणि पहिला प्रश्न हाच येतो की तो आला तेव्हा कसा होता. मानवी हक्क आयोगाने या तपासणीसाठी सविस्तर नमुनाही ठरवून दिलेला आहे.

दुसरी किंमत निव्वळ जीव वाचवण्याची आहे. वर्षानुवर्षे रोज दारू पिणाऱ्या माणसाची दारू अटकेमुळे एकाएकी तुटते. अशा माणसाला पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान हातपाय थरथरणे, घाम फुटणे, भास होणे, जागेचे आणि वेळेचे भान सुटणे अशी अवस्था येऊ शकते जी उपचारांशिवाय प्राणघातक ठरते. बाहेरून पाहणाऱ्याला तो दंगा करतो आहे असे वाटते आणि दंग्यावर जो इलाज केला जातो तो या आजारावर केला तर अनर्थ होतो. म्हणून प्रवेशाच्या वेळी ‘दारू पिता का’ एवढे विचारून भागत नाही. ‘किती, किती वर्षे आणि शेवटची केव्हा’ हे विचारावे लागते. तीच गोष्ट इन्सुलिनची, फिटच्या गोळ्यांची आणि क्षयरोगाच्या अर्धवट राहिलेल्या उपचारांची. खोकला किती दिवसांचा आहे हा साधा प्रश्न विचारला गेला नाही तर कोंदट बराकीत दाटीवाटीने झोपणाऱ्या शेकडो माणसांच्या मध्ये एक क्षयरोगी जाऊन झोपतो. आत्महत्येचा धोकाही सुरुवातीच्या दिवसांत विशेष असतो, आणि त्याची चाहूल लागायला माणसाशी दहा मिनिटे बोलावे लागते. गावाकडची चौकशी करणे, घरी कोण आहे, घरी कळवले आहे का, हे विचारणे म्हणजे गप्पा मारणे नव्हे. ती तपासणीच असते. पंधरा माणसांना दहा-दहा मिनिटे म्हणजे अडीच तास झाले. एकच डॉक्टर किंवा एकच औषधनिर्माता असेल, बाहेर तिन्हीसांजा झालेल्या असतील आणि आतल्या रुग्णांच्या हाका चालू असतील, तर त्या अडीच तासांचे काय होते हे सांगायला नको.

कोविडच्या काळात या टप्प्याकडे सरकारचे प्रथमच नीट लक्ष गेले असे म्हणता येईल. 2020 मध्ये नव्या बंद्यांना थेट बराकीत न नेता काही दिवस वेगळे ठेवण्यासाठी ठिकठिकाणी तात्पुरती कारागृहे उघडण्यात आली. खारघरमध्ये एका शाळेच्या इमारतीत अशी सोय केली होती. तेथील गैरसोयींच्याही बातम्या आल्या. तरीही नवा बंदी आणि जुनी बराक यांच्यामध्ये एक स्वतंत्र पायरी असावी लागते, हे तत्त्व त्या निमित्ताने व्यवहारात आले होते. साथ ओसरल्यावर ती पायरीही ओसरली.

वयाची तपासणी हाही प्रवेशाचाच भाग आहे. समोरचा मुलगा अठराच्या आतला दिसत असेल तर त्याला कारागृहात ठेवता येत नाही. त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जायला हवे. प्रौढांचीही विभागणी कायद्याने ठरलेली आहे: कारागृह अधिनियमाच्या 27 व्या कलमाप्रमाणे महिला आणि पुरुष वेगळे, 21 वर्षांखालील तरुण वेगळे, न्यायाधीन आणि सिद्धदोष वेगळे, दिवाणी आणि फौजदारी वेगळे. महिला बंद्यांबरोबर सहा वर्षांपर्यंतची मुले राहू शकतात आणि त्यांच्या आहाराची, आरोग्याची, शिक्षणाची व्यवस्था कशी असावी हे सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये एका निकालात तपशिलाने सांगितले आहे. परस्परविरोधी टोळ्यांची माणसे एका सर्कलमध्ये, म्हणजे बराकींच्या एका गटात, जाऊ नयेत, साक्षीदार फिरवू शकणारे सहआरोपी एकत्र राहू नयेत, हा विचार त्याच्यावर आणखी करावा लागतो. हे सारे रात्री आठ वाजता, भरलेल्या बराकींचा तक्ता समोर ठेवून ठरवायचे असते.

सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये न्यायमूर्ती अमिताव रॉय यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या कारागृह सुधारणा समितीने एक साधी शिफारस केली होती: नव्या बंद्याला पहिल्या आठवड्यात दररोज एकदा घरच्यांशी फोनवर विनामूल्य बोलू द्यावे. कारागृहांविषयीच्या अहवालांच्या ढिगाऱ्यात इतकी कमी खर्चाची आणि इतकी उपयोगी दुसरी शिफारस माझ्या वाचनात नाही. पण त्यासाठीही प्रत्येक बंद्याला बराकीतून काढून फोनपर्यंत नेणारा आणि परत आणणारा शिपाई लागतोच.

येथून मनुष्यबळाकडे येऊ. महाराष्ट्राच्या कारागृह विभागाचे मुख्यालय पुण्याला आहे. कारागृहाचा प्रमुख अधीक्षक, त्याच्या हाताखाली उपअधीक्षक, वरिष्ठ आणि कनिष्ठ श्रेणीचे तुरुंगाधिकारी, त्यानंतर सुभेदार, हवालदार आणि शिपाई अशी उतरंड आहे. अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण येरवड्याच्या दौलतराव जाधव तुरुंग अधिकारी प्रशिक्षण महाविद्यालयात होते. शिपायाची भरती पोलीस भरतीच्याच पद्धतीने होते: बारावी उत्तीर्ण असणे आवश्यक, मैदानी चाचणी 50 गुणांची, त्यात पुरुषांना 1,600 मीटर आणि महिलांना 800 मीटर धावणे, 100 मीटर धावणे आणि गोळाफेक, व त्यानंतर 100 गुणांची लेखी परीक्षा. आमचा तरुण पहाटे मैदानावर धावतो तो यासाठीच. गोळा किती मीटर गेला यावर गुण आहेत. रडणाऱ्या माणसाशी बोलता येते का, यावर मात्र गुण नाहीत, आणि नोकरीत त्याचा उपयोग गोळ्यापेक्षा पुष्कळ अधिक होणार आहे.

केंद्राच्या 2016 च्या आदर्श कारागृह नियमावलीने सहा बंद्यांमागे एक रक्षक हे प्रमाण सांगितले आहे. ऐकायला ते भरपूर वाटते, म्हणून त्याचा हिशेब करून पाहू. दरवाजा, मनोरा, सर्कल, रुग्णालय यांपैकी कोणतीही जागा चोवीस तास राखायची तर आठ तासांच्या तीन पाळ्यांप्रमाणे आठवड्याला 21 पाळ्या होतात. एक कर्मचारी आठवड्याला सहा पाळ्या करतो असे धरले तर एका जागेसाठी साडेतीन माणसे लागतात. रजा, आजारपण, प्रशिक्षण, न्यायालयात साक्ष हे धरले की चाराच्या पुढे. म्हणजे सहास एक हे प्रमाण पूर्ण पाळले तरी प्रत्यक्ष कोणत्याही क्षणी सुमारे पंचवीस बंद्यांमागे एक रक्षक उभा असतो. ठाण्याच्या 1,105 या क्षमतेला या प्रमाणाने 184 रक्षक लागतात. बंदी तिप्पट झाले की 550 हून अधिक. बंद्यांची संख्या न्यायालयाच्या वॉरंटाने एका संध्याकाळात वाढते, पदांची संख्या मात्र आकृतिबंध (मंजूर पदांचा आराखडा), वित्त विभागाची मंजुरी, जाहिरात, मैदानी चाचणी, लेखी परीक्षा आणि प्रशिक्षण या वाटेने वर्षांच्या गतीने वाढते. देशपातळीवर तर मंजूर पदेही पूर्ण भरलेली नाहीत. 2022 अखेरच्या अधिकृत आकडेवारीनुसार सुमारे तीस टक्के पदे रिक्त होती. त्याच वेळी देशातील कारागृहांत 4,36,266 च्या क्षमतेत 5,73,220 माणसे होती आणि त्यांतील 75.8 टक्के न्यायाधीन होती.

या आकड्यांत एक गोष्ट झाकली जाते. वर्षअखेरीस मोजलेली संख्या ही त्या दिवशी आत असलेल्या माणसांची असते. 2019 च्या अखेरीस देशातील कारागृहांत 4,78,600 बंदी होते, परंतु त्या एका वर्षात दाखल झालेल्यांची संख्या 18 लाखांहून अधिक होती, म्हणजे जवळजवळ चौपट. बहुतेक माणसे काही दिवस किंवा काही आठवडे राहून जामिनावर बाहेर जातात. प्रत्येकाच्या प्रवेशाला झडती, नोंदणी, तपासणी, वर्गवारी एवढे सगळे लागते आणि बाहेर जाताना पुन्हा कागदपत्रे. रक्षकांचे प्रमाण ठरवताना आत किती माणसे राहतात ते पाहिले जाते; दारातून किती माणसे ये-जा करतात ते पाहिले जात नाही. ठाण्यासारख्या शहरी कारागृहात खरा भार या ये-जा करणाऱ्यांचा असतो. शिक्षा भोगणाऱ्या बंद्यांचे, वर्षानुवर्षे तीच माणसे असलेले कारागृह आणि रोज संध्याकाळी गाड्या रिकाम्या होणारे कारागृह यांना एकाच सूत्राने माणसे देणे मला मुळातच चुकीचे वाटते.

माणसे कमी पडली की जागा रिकामी राहत नाही, ती दुसरे कोणी भरते. सिद्धदोष बंद्यांपैकी काहींना पहारेकरी किंवा वॉर्डर म्हणून नेमण्याची तरतूद कायद्यातच आहे, आणि 1894 च्या अधिनियमाने अशा बंद्यांना लोकसेवक मानले आहे. चांगल्या वर्तणुकीच्या बंद्याला जबाबदारी देण्यात गैर काही नाही. परंतु नव्या माणसाला बराकीत झोपायला जागा कोठे, नळावर नंबर कितवा, हे शिपायाऐवजी जुना बंदी ठरवू लागला की कायद्याने ठरवलेली वर्गवारी दारातच राहते आणि आत दुसरीच वर्गवारी चालते: पैसा, ओळख, भाषा, टोळी. कागदावरचा जातीचा रकाना न्यायालयाच्या आदेशाने पुसता येतो. रात्री दीडशे माणसांच्या बराकीत नव्याने आलेल्याला कोणते काम सांगितले जाते हे पाहायला मात्र माणूसच हजर असावा लागतो.

मनुष्यबळ म्हणजे केवळ वर्दीतले मनुष्यबळ असा समज आपल्याकडे पक्का आहे. आदर्श नियमावलीत तीनशे बंद्यांमागे एक वैद्यकीय अधिकारी आणि पाचशे बंद्यांमागे एक मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशक सांगितला आहे. भरतीच्या बातम्यांत मात्र शिपायांचेच आकडे येतात. ते यावेतच, परंतु संध्याकाळी सहा ते रात्री दहा या वेळात प्रवेशासाठी स्वतंत्र वैद्यकीय अधिकारी, दोन लिपिक आणि एक समुपदेशक बसवला तर वर लिहिलेल्या निम्म्या अडचणी दारातच सुटतील. हे माझे अनुमान आहे, शासनाची योजना नव्हे. 2023 मध्ये केंद्राने राज्यांकडे पाठवलेल्या आदर्श कारागृह व सुधारात्मक सेवा अधिनियमात तंत्रज्ञानावर भर आहे. कॅमेरे आणि संगणक हवेतच. कॅमेऱ्याला वळ दिसेल, पण ‘हा कसा झाला’ हे तो विचारणार नाही.

लिपिकाविषयी मी आधी जे लिहिले त्याला आता एक नवे कारण मिळाले आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 479 व्या कलमाप्रमाणे, फाशी किंवा जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्यात आरोपीने कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढला, आणि पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेला असेल तर एक तृतीयांश काळ काढला, की त्याला सोडण्यासाठी न्यायालयाकडे अर्ज करण्याचे कर्तव्य खुद्द कारागृह अधीक्षकावर टाकलेले आहे. ऑगस्ट 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा लाभ जुन्या प्रकरणांतील बंद्यांनाही मिळेल असे स्पष्ट केले. अनेक प्रकरणे एकाच माणसावर चालू असतील तर हा लाभ मिळत नाही. आता हा हिशेब कशावरून करायचा? अटकेची तारीख, लावलेली कलमे, पूर्वीची शिक्षा आहे की नाही, दुसरे प्रकरण चालू आहे की नाही, या सगळ्या नोंदी पहिल्या संध्याकाळी घाईत झालेल्या असतात. तेथे एक कलम लिहायचे राहिले किंवा जास्तीचे लिहिले गेले तर त्या बंद्याचे नाव पात्र बंद्यांच्या यादीत येणारच नाही, आणि यादीत नाव नाही म्हणून कोणी अर्जही करणार नाही. जामीन मंजूर होऊन सात दिवसांत बंदी सुटला नाही तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे, असा निर्देश 31 जानेवारी 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिला आहे; तोही याच नोंदींच्या आधाराने पाळता येतो.

ज्यांच्या घरातील कोणी नुकतेच आत गेले आहे अशा वाचकांसाठी काही व्यावहारिक गोष्टी लिहून थांबतो, कारण मदत केंद्रात हेच प्रश्न पुनःपुन्हा येतात. माणसाचे काही औषध चालू असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी आणि रुग्णालयाची कागदपत्रे न्यायालयीन कोठडी सुनावली जाण्याआधीच वकिलांमार्फत न्यायालयासमोर ठेवावीत, म्हणजे वैद्यकीय उपचारांविषयीचा आदेश वॉरंटाबरोबरच कारागृहात जाईल. कोठडीत मारहाण झाली असेल तर तेही दंडाधिकाऱ्यांना त्याच वेळी सांगावे आणि प्रवेशाच्या तपासणीत जखमा दाखवाव्यात. दोन आठवड्यांनी सांगितल्यास वळ उरत नाहीत. आरोपीचे वय कमी असेल तर शाळेचा दाखला तातडीने द्यावा. आधार कार्डावर जसे नाव आहे तसेच वॉरंटावर लिहिले गेले आहे ना, हे पहिल्याच दिवशी पाहावे. वकील करण्याची ऐपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या 12 व्या कलमानुसार कोठडीतील प्रत्येक व्यक्तीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे नातेवाइकांना अर्ज करता येतो आणि बंद्याला आतूनही तो पाठवता येतो.